मोहसल, मसाला व हाजीरजामीन

जुनीं दप्तरें चाळणाऱ्या प्रत्येकास एक अनुभव येतोच. रुमाल सोडला कीं प्रथम हात जातो तो निवाडपत्राकडे किंवा महजराकडे. लांबलचक कागद, त्यावर शिक्का, हाजिर मजालशीच्या नांवांची रांग, खालीं पाटलांचे नांगर व इतरांच्या निशाण्या. असा कागद हातीं आला म्हणजे त्या दिवसाचे श्रम सार्थकीं लागले असें वाटतें. त्याच रुमालांत, पुष्कळदां त्याच सुतळींत, चार-सहा ओळींच्या चिठ्या असतात. ‘देखत पत्र हुजूर येणें’ एवढाच त्यांचा मतलब. ना वतनाची हकीकत, ना वंशावळ, ना साक्षीदार. अशा चिठ्या ‘किरकोळ’ म्हणून बाजूस टाकण्याचा प्रघात आहे, व तो आम्हींही कांहीं वर्षें इमानेंइतबारें पाळला, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

त्या चिठ्या म्हणजे पूर्वकालीन न्यायसभांचीं वॉरंटें होत. वॉरंट म्हटलें कीं हल्लीं सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढें पोलिसाची बेडी उभी राहते; परंतु आमचा रोख आहे तो त्यांतील एका विशिष्ट प्रकारावर. बोलावूनही जो आला नाहीं, किंवा येण्याविषयीं जामीन देऊन ज्यानें तो मोडला, त्यास समोर आणावें असा न्यायासनावर बसलेल्या अधिकाऱ्यानें स्वतः काढलेला हुकूम, तो हा प्रकार. इंग्लंड-अमेरिकेकडे यास बेंच वॉरंट म्हणतात. आमच्या कायद्याच्या पुस्तकांत तें नांव नाहीं, वस्तु मात्र आहे. या हुकुमाचें मूळ गुन्ह्यांत नसून गैरहजेरींत असतें. एवढा एक भेद ध्यानीं धरला तर पुढील पुष्कळ घोटाळे टळतात.

निवाडपत्रावरून वाद कोणी जिंकला हें समजतें. चिठीवरून समजतें तें निराळेंच : सभेचा हात कोठवर पोहोंचत होता. ज्या सभेस प्रतिवादी समोर आणतां येत नाहीं तिचा निवाडा कितीही शास्त्रशुद्ध असला तरी तो कागदावरच राहणार. महजर हा शब्दच मुळीं हजर या शब्दाच्या धातूपासून झालेला आहे. अरबी भाषेंत त्याचा मूळ अर्थ उपस्थितीचें स्थळ किंवा प्रसंग असा. म्हणजे आपल्या पूर्वजांनीं ज्या कागदास सर्वांत अधिक मान दिला त्याचें नांवच मुळीं उपस्थितीवरून पडलें आहे, आणि ती उपस्थिति घडवून आणणारे कागद मात्र आपण रद्दींत घालतों.

धर्मशास्त्रकारांस या गोष्टीचें महत्त्व पुरतें ठाऊक होतें. नारदस्मृतींत प्रतिवाद्यास बोलावणें पोहोंचेपर्यंत अडवून धरण्याचा अधिकार वाद्यास दिला असून त्यास आसेध असें नांव आहे. स्थानाचा, कालाचा, प्रवासाचा व कर्माचा असे त्याचे चार प्रकार सांगितले आहेत : या जागेंतून हालूं नकोस, अमुक वेळेपर्यंत थांब, प्रवासास निघूं नकोस, अमुक कर्म करूं नकोस. त्यांतही कोणास अडवूं नये याची यादी आहे. विवाहास उभा राहिलेला, आजारी, यज्ञास बसलेला, संकटांत सांपडलेला, राजकार्यावर असलेला, गुरें राखीत असलेला गुराखी, पेरणीच्या दिवसांतील शेतकरी, युद्धांत गुंतलेला शिपाई, यांस तेवढ्यापुरती सूट आहे. तसेंच वाद हरण्याइतके जे दोष मानले आहेत त्या पंचविध हीनवाद्यांत नोपस्थायी, म्हणजे उपस्थित न राहणारा, व आहूतप्रपलायी, म्हणजे बोलावणें येतांच पळून जाणारा, हे दोन केवळ गैरहजेरीचे प्रकार आहेत. मिताक्षरेचा आधार घेऊन बोलणाऱ्या शास्त्री मंडळींस ही परिभाषा मुखोद्गत असे. यास्तव पेशवाईंतील एखाद्या निवाड्यांत अमुक ‘हजर न जाहला’ एवढे तीनच शब्द आले तरी त्यांमागें हा सारा विचार उभा आहे असें समजावें.

आतां व्यवहार कसा चाले तें पाहूं. गोतसभा असो कीं पंचाईत असो, तिला स्वतःचा असा शिपाई नव्हता. फिर्यादी प्रथम पाटलाकडे, देशमुख-देशपांड्यांकडे, कमाविसदाराकडे, किंवा थेट हुजूर जाई. तेथून प्रतिवाद्यास पत्र सुटे. पत्राबरोबर प्यादा जाई. म्हणजे सभा गोताची, पण तिला माणूस आणून देणारा हात दिवाणाचा. एल्फिन्स्टन यानें पेशव्यांपासून जिंकलेल्या मुलुखाविषयीं १८१९ मध्यें जो वृत्तांत लिहिला त्यांत पंचाईतीच्या या परावलंबनाचें वर्णन विस्तारानें आलें आहे. तो परकी व विजेता होता हें लक्षांत ठेवूनच तें वाचावें; तथापि डोळ्यांनीं पाहिलेली पद्धति त्यानें लिहून ठेविली हे उपकार मोठे आहेत.

प्याद्यास द्यावयाचा जो खर्च त्याचें नांव मसाला. या शब्दानें जितके वाचक चकले असतील तितके दुसऱ्या क्वचितच शब्दानें चकले असतील. स्वयंपाकघरांतला मसाला तो हाच शब्द. अरबींत मसालिह म्हणजे लागणारें साहित्य, गरजेच्या वस्तु. मसलत हाही त्याच कुळांतला. न्यायाच्या कागदांत मात्र मसाला म्हणजे सरकारी माणूस पाठविण्याबद्दल, ज्याच्याकडे तो पाठविला त्याच्यापासून, घ्यावयाची रक्कम. ‘शिपाई पाठविला आहे, त्यास मसाला रुपये इतके देणें’ अशा धर्तीचें वाक्य पत्राच्या शेवटीं दिसलें म्हणजे तें नुसतें बोलावणें राहिलें नाहीं, त्यामागें सक्ती आली, हें ओळखावें. रकमेचा आंकडा अवश्य टिपून घ्यावा. त्यावरून माणूस किती लांबून पाठविला, एक प्यादा पाठविला कीं स्वार, ज्याच्याकडे पाठविला त्याची ऐपत कितपत, यांचा अंदाज बांधतां येतो. साध्या कुणब्याकडे प्यादा पुरे. वजनदार वतनदाराकडे स्वार किंवा हुजऱ्या पाठवावा लागे. सभा कोणास किती भीत होती हें या एका आंकड्यावरून जितकें उघड होतें तितकें निवाड्याच्या सबंध मजकुरांतूनही होत नाहीं.

मसाला हा दंड नव्हे, हें येथें आग्रहानें सांगितलें पाहिजे. गुन्हेगारी ही वाद हरणारानें द्यावयाची, हरकी किंवा शेरणी ही जिंकणारानें आनंदानें (निदान कागदावर तरी आनंदानें) द्यावयाची. या दोहोंचा संबंध निकालाशीं आहे. मसाल्याचा संबंध केवळ येण्या-न येण्याशीं. ज्यानें मसाला भरला तोच पुढें वाद जिंकून हरकीही भरतो असें होण्यास कांहींच हरकत नसे. तेव्हां एखाद्या घराण्याच्या हकीकतींत ‘अमुक सालीं सरकारानें पांच रुपये दंड केला’ असें आधुनिक लेखकानें लिहिलें असेल तर मूळ मोडी कागद मागून पाहावा. तेथें दंड, खंड, गुन्हेगारी असा शब्द आहे कीं मसाला, हें पाहिल्यावांचून त्या घराण्यास गुन्हेगार ठरवूं नये.

मसाल्याच्या पुढची पायरी मोहसल. हा शब्द अरबी मुहस्सिल, म्हणजे वसूल करणारा, यापासून आला. मोहसल म्हणजे दारांत बसविलेला सरकारी माणूस. ज्यानें पत्र मानलें नाहीं, प्याद्यास ‘उद्यां येतों’ म्हणून वाटेस लाविलें, त्याच्या घरीं मोहसल बसे. तो तेथेंच राहणार, तेथेंच जेवणार, आणि त्याचा रोजमुरा घरधन्यानें द्यावयाचा. आरोपीस नेऊन कोंडण्यापेक्षां सरकारासच त्याच्या ओसरीवर नेऊन बसवावें, ही ती युक्ति. पहिल्या दिवशीं लाज, चौथ्या दिवशीं खर्च, आठव्या दिवशीं घरांतल्या बायकांची बोलणीं. हजर होणें हेंच अखेर स्वस्त पडे. आजच्या वॉरंटाशीं तुलना करतां यांतील फरक डोळ्यांत भरतो. आज न्यायालय माणसाची हालचाल बंद करतें. त्या काळीं त्यास घरांत बसणें अशक्य करून सोडीत.

परंतु मोहसल हा शब्द आढळला कीं तो न्यायसभेचाच, असें धरून चालूं नये. थकलेल्या सरकारी वसुलासाठींही मोहसल बसे, किंबहुना शब्दाचा मूळ अर्थ तोच आहे. भेद कसा करावा? पत्रांत ‘बाकी’, ‘हप्ता’, ‘ऐवज’ हे शब्द असतील तर तो वसुलीचा. ‘कजिया’, ‘वाद’, ‘मनसुबी’, ‘तकरीर’, ‘समोर’ यांपैकीं एखादा शब्द असेल तर तो न्यायाचा. दोन्ही प्रकारचे शब्द एकत्र आले असतील तर घाईनें निर्णय करूं नये. कर्जाच्या वादांत तसें होतेंच.

तिसरा शब्द तगादा, जुन्या रूपांत तकाजा किंवा तकादा. हा मात्र दुधारी आहे. सावकार स्वतःच ऋणकोच्या दारीं बसे, अन्न घेऊं न देई, धरणें धरी. त्यासही तगादाच म्हणत, व सरकारच्या परवानगीनें चाललेल्या सक्तीसही तगादाच म्हणत. एल्फिन्स्टननें या एका शब्दाखालीं नुसत्या विनवणीपासून पहारा बसविणें, जेवणास अटकाव करणें, मान व पाय एकत्र बांधणें, उन्हांत एका पायावर डोकीवर धोंडा देऊन उभें करणें, इथपर्यंतचे प्रकार सांगितले आहेत. जुन्या न्यायपद्धतीचे गोडवे गाणाऱ्या लेखकांनीं हा भाग बहुधा गाळला आहे. आम्हांस तो गाळावासा वाटत नाहीं. ज्या व्यवस्थेंत हजर करविण्याचें काम अंशतः वाद्याच्याच हातीं होतें, तेथें बळवान् वाद्याचा तगादा व दुबळ्या वाद्याचा तगादा सारखा असणें शक्य नव्हतें. कागद वाचतांना तगादा कोणाचा, सरकारचा कीं सावकाराचा, हें लिहून ठेवणें म्हणूनच अगत्याचें आहे.

या सक्तीच्या उलट बाजूस दोन कागद येतात. एक जामिनाचा. उभय वादी राजीनामा लिहून देत, म्हणजे ही सभा आम्हांस मान्य आहे असें कबूल करीत, व त्याबरोबर जामीनकतबा देत. यांत हाजीरजामीन व वर्तणूकजामीन असे दोन प्रकार आहेत, व त्यांची गल्लत करूं नये. हाजीरजामीन म्हणतो, ‘बोलावाल तेव्हां यास आणून उभा करीन.’ वर्तणूकजामीन म्हणतो, ‘निवाडा होईल त्याप्रमाणें हा वर्तेल.’ पहिल्याची जबाबदारी सभा चालेपर्यंत, दुसऱ्याची सभा उठल्यानंतर. हाजीरजामिनाचा कतबा सांपडला म्हणजे त्यांतील जामीनदाराचें नांव व गांव पाहावें. भाऊबंद आहे, सोयरा आहे, कीं सावकार आहे, यावरून त्या माणसाची गांवांत पत काय होती तें कळतें. दुसरा कागद कौल किंवा अभयपत्र. जो परागंदा झाला, ज्यास जिवाची किंवा अब्रूची धास्ती आहे, त्यास ‘कोणेविशीं शक न धरितां येणें’ अशा मतलबाचें पत्र सरकारांतून जाई. वॉरंट भीति घालून माणूस आणतें, कौल भीति काढून आणतो; हेतु मात्र एकच. यामुळें कौल हे सगळे वसाहतीचे व लावणीचेच असतात अशी समजूत करून घेऊन ते शेतीच्या गठ्ठ्यांत टाकणें चुकीचें आहे.

आतां प्रत्यक्ष चिठी कशी वाचावी. प्रथम कोणास लिहिली तें पाहावें. प्रतिवाद्याच्या नांवें असेल तर बोलावणें. कमाविसदाराच्या किंवा पाटलाच्या नांवें असेल व त्यांत ‘त्यास हुजूर पाठवून देणें’ असें असेल तर ती ताकीद, म्हणजे सक्ती एक पायरी वर गेली. एकाच प्रकरणांत दोन्ही पत्रें एकाच तारखेचीं सुटलेलीं असूं शकतात. एक दुसऱ्याची नक्कल समजून टाकून देऊं नये. नंतर ‘पेशजी’ हा शब्द शोधावा. ‘पेशजी पत्र सादर जाहलें असतां तुम्ही आला नाहीं’ असा आशय असेल तर हें दुसरें किंवा तिसरें पत्र होय. पहिलें अन्यत्र असलें पाहिजे किंवा गहाळ झालें असलें पाहिजे. ‘उजूर न करणें’, ‘फिरोन बोभाट येऊं न देणें’ हीं नित्याचीं पालुपदें आहेत. त्यांवरून सरकारचा विशेष राग झाला होता असा निष्कर्ष काढूं नये; लेखकाच्या लेखणीस तीं सवयीनें येत. मसाल्याचा आंकडा मात्र सवयीनें येत नाहीं.

तारखेकडे विशेष लक्ष द्यावें. सुहूर सनाचे शब्द अरबी संख्यांचे : इहिदे सितैन मया व अलफ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार मिळून ११६१. त्यांत ५९९ मिळविले म्हणजे १७६० येतें, व वर्ष उलटल्यावर जानेवारीपासून पुढें ६०० मिळवावे लागतात. हें वर्ष मृगाच्या सूर्याबरोबर, म्हणजे मे अखेर किंवा जूनच्या आरंभास, सुरू होतें. फसली सनाशीं याचा घोळ करूं नये. तो सुहुराहून नऊ वर्षांनीं पुढें असतो. ‘छ’ या अक्षरापुढें येतो तो चांद्र मासाचा दिवस. त्यासाठीं मोडक किंवा खरे यांची जंत्री जवळ हवीच. पाठीमागें ‘पै॥’ अशी खूण करून पत्र पोहोंचल्याची तारीख घातली असेल तर तें भाग्य समजावें. पत्र सुटल्याची व पोहोंचल्याची अशा दोन तारखा हातीं आल्या कीं प्रतिवाद्यास उत्तर देण्यास खरोखर किती दिवस मिळाले हें मोजतां येतें.

हे कागद शोधावे कोठें? आमचा अनुभव असा कीं शोध उलटा करावा. निवाडपत्रापासून आरंभ करून मागें मागें जावें. निवाड्याच्या पूर्वपीठिकेंत फिर्याद कधीं आली, पत्र कधीं गेलें, याचा उल्लेख बहुधा असतो. ती तारीख धरून पुणें येथील पेशवे दप्तरांत त्या सालची रोजकीर्द पाहावी. तींत सुटलेल्या पत्रांचे सारांश दिवसवार लागलेले आहेत. प्रकरण हुजूरचें असेल तर तें येथें मिळण्याचा संभव सर्वांत अधिक. त्यानंतर त्या प्रांताचे प्रांत अजमासचे रुमाल. हिशेबी कागद रुक्ष असतात खरे, परंतु हरकी, गुन्हेगारी यांचे जमेचे आंकडे तेथें येतात, व जेथें हरकी आहे तेथें सभा झालीच पाहिजे. खेड्यापुरतें पाहणें असल्यास कुलकर्ण्याच्या दप्तरांतील गांवखर्चाच्या यादीसारखें साधन नाहीं. सरकारी प्यादा आला, त्यास शिधा दिला, इतका दिला. पत्र नष्ट झालें असलें तरी पत्र आणणाऱ्याच्या जेवणाचा खर्च शिल्लक राहतो. सरकारी पत्रापेक्षां कुलकर्ण्याच्या शिध्याच्या नोंदीवर आमचा अधिक भरंवसा आहे, कारण तो खर्च त्यास गांवास समजावून द्यावा लागे.

छापील साधनांत गणेश चिमणाजी वाड यांनीं सातारकर राजे व पेशवे यांच्या रोजनिश्यांतून केलेले उतारे हे पहिल्यानें पाहावे. त्यांतील न्यायाच्या प्रकरणांतील वेंचे सुपरिचित आहेत. आमची शिफारस अशी कीं मुलकी व फौजदारी कारभाराचे वेंचेही वाचावे, कारण हजर करविण्याचे हुकूम तेथें विखुरलेले सांपडतात. मावजी व पारसनीस यांनीं १९०९ मध्यें प्रसिद्ध केलेला वतनपत्रें-निवाडपत्रें हा संग्रह, राजवाड्यांचे खंड, शिवचरित्रसाहित्याचे खंड हीं तर हाताशीं असतातच. वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील इंग्रजी ग्रंथ १९५३ सालीं निघाला. परिभाषेच्या शंका तेथें पुष्कळ फिटतात. मात्र कोणत्याही सूचींत ‘वॉरंट’ या मथळ्याखालीं शोधूं नये, कांहीं हातीं लागणार नाहीं. मसाला, मोहसल, ताकीद, जामीन, कौल, हुजूर आणणें, या शब्दांखालीं शोधावें.

या सर्व खटाटोपाचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. प्रयोजन असें कीं एकतर्फी निवाड्यांचा अर्थ या चिठ्यांवांचून लागत नाहीं. ‘प्रतिवादी बोलाविला असतां आला नाहीं, सबब खोटा’ असा निवाडा वाचून आपण त्या घराण्याचा हक्क खोटा होता असें लिहून मोकळे होतों. परंतु पत्र कधीं सुटलें? समजा तें ११६१ च्या कार्तिकांत सुटलें आणि प्रतिवादी भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर उत्तरेस गेलेला होता. १४ जानेवारी १७६१ नंतर त्याची वाट पाहणारी सभा कोणाची वाट पाहत होती? किंवा समजा पत्र मृगांत पोहोंचलें. नारदानें ज्यास सूट दिली त्या पेरणीच्या दिवसांत कुणब्यानें चाडें टाकून पुण्याची वाट धरावयाची होती काय? किंवा पत्र गेलें तें प्रतिपक्षाच्याच ताब्यांत असलेल्या गांवीं, आणि पोहोंचलेंच नाहीं. पक्षकार स्थळ बदलून मागत, परस्थळीं निवाडा व्हावा म्हणत, तें याच भीतीनें. या प्रत्येक ठिकाणीं गैरहजेरीचा अर्थ निराळा आहे, व तो निवाडपत्रांत लिहिलेला नसतो, कारण निवाडपत्र जिंकणारास दिलेलें असतें व त्याच्याच घरीं जपलें जातें. हरणाराच्या बाजूचा पुरावा उरला असेल तर तो या चिठ्यांतच. चुलत्यापुतण्याच्या वादांत एका शाखेस पिढ्यान्‌पिढ्या ‘तोतये’ म्हणवून घ्यावें लागलें, आणि कारण काय तर मूळ पुरुष एका पत्रास हजर झाला नाहीं, असा प्रकार घडूं शकतो हें ध्यानांत ठेवूनच वंशवृत्तें लिहावींत.

इंग्रजी अंमलांतील कागदांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण खासगी संग्रहांतून ते आतां पुष्कळ येऊं लागले आहेत. १८१८ मध्यें पेशवाई बुडाल्यावर कांहीं काळ जुनी रीत नव्या हातांनीं चालली. १८२७ च्या मुंबई कायद्यांपासून ती पालटली. पुढें १८६१ चा फौजदारी कामकाजाचा कायदा आला, व अनेक फेरबदलांनंतर १८९८ चा. यांत वॉरंटाचें स्वरूप ठरून गेलें : हुकूम लेखी असला पाहिजे, त्यावर न्यायाधिकाऱ्याची सही व न्यायालयाची मोहोर असली पाहिजे, आणि बजावणी होईपर्यंत किंवा काढणाऱ्या न्यायालयानें रद्द करीपर्यंत तो चालू राहील. १९७३ च्या कायद्यांत हेंच ७० व्या कलमांत, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत ७२ व्या कलमांत आलें आहे. म्हणजे वॉरंट मुदतीनें मरत नाहीं. जुन्या मसाल्याच्या पत्रास असें दीर्घायुष्य नव्हतें. तें मानलें नाहीं तर दुसरें काढावें लागे, व त्यांत ‘पेशजी’ लिहावें लागे.

अशा छापील वॉरंटाच्या पुढच्या बाजूपेक्षां मागची बाजू अधिक बोलकी असते. इतकी जामिनकी दिल्यास सोडावें असा शेरा न्यायाधिकाऱ्यानें घातला आहे काय, हें प्रथम पाहावें. जामीनपात्र व अजामीनपात्र हा भेद तेथें दिसतो. नंतर बजावणाऱ्या शिपायाचा शेरा : ‘घरीं मिळाला नाहीं’, ‘परगांवीं गेला आहे’, ‘मयत’. तिसरें, तें परत आल्याची तारीख. एखादें वॉरंट कशाबद्दल निघालें हें समजून घेण्यास मात्र वॉरंट पुरत नाहीं, त्या दाव्याचा रोजनामा पाहावा लागतो. समन्स कधीं काढलें, तें बजावलें गेलें काय, पक्षकार कोणत्या तारखेस गैरहजर होता, आणि पुढच्या तारखेस तो आल्यावर वॉरंट रद्द झालें काय, हें रोजनाम्यांतच असतें. हल्लीं तालुक्याच्या न्यायालयांतील दैनंदिन कामकाजाच्या नोंदी संगणकावरही पाहतां येतात. तेथेंही एकच ओळ वाचून थांबूं नये, पुढच्या तारखेची ओळ वाचावी. रोजकीर्द पाहण्याची ज्यास सवय आहे त्यास रोजनामा पाहण्यास नवें कांहींच शिकावें लागत नाहीं.

एक गोष्ट मात्र खेदाची आहे. १९१७ च्या एका कायद्यानें न्यायालयांच्या कागदांपैकीं कोणते किती वर्षांनीं नष्ट करावे याचे नियम करण्याचा अधिकार उच्च न्यायालयांस मिळाला. जागेच्या दृष्टीनें तें अपरिहार्य असेल. परंतु असें कांहीं ठरलें कीं निकाल राहतो आणि समन्स-वॉरंटें जातात. सरकारनें नियमानें केलें तेंच आम्ही संग्राहकांनीं आवडीनें केलें. एका विक्रेत्याकडे आम्हीं पाहिलेलें एक प्रकरण असें : शिक्क्याचें निवाडपत्र वेगळें काढून चौकटींत बसविण्यास ठेविलेलें, व त्याबरोबरच्या सात-आठ चिठ्या दुसऱ्याच गांवच्या गठ्ठ्यांत बांधलेल्या. त्या याच वादाच्या, हें फक्त सुतळीच्या भोंकांच्या मेळावरून कळलें. भोंकें जुळलीं नसतीं तर त्या चिठ्या कायमच्या अनाथ झाल्या असत्या.

म्हणून ज्यांच्या संग्रहीं असे रुमाल आहेत त्यांस विनंती इतकीच कीं सुतळी सोडण्यापूर्वीं कागदांचा क्रम लिहून घ्यावा, प्रत्येक चिठीच्या पाठीवरील खूण उतरून घ्यावी, आणि ‘किरकोळ’ या मथळ्याखालीं टाकलेला गठ्ठा एकदां पुन्हां उघडावा. मसाला हा शब्द कोठें दिसतो काय तें पाहावें, व दिसल्यास त्याचा आंकडा, गांव व सुहूर सन आम्हांस कळवावा. त्यांची एकत्र यादी करण्याचें काम आम्हीं हातीं घेतलें आहे.